ब्रदरहूडचा शेवट: एडने किंमत म्हणून नक्की काय दिलं?

रात्रपाळी

आधीच सांगते, या धाग्यात ६४व्या भागापर्यंतचं सगळं उघड आहे. मालिका बघायची राहिली असेल तर इथूनच मागे फिरा.

'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका संपवली. एवढ्या लांबीची मालिका शेवटाला एकही पात्र वाऱ्यावर न सोडता संपते, हे फार कमी वेळा बघायला मिळतं. युद्ध संपल्यावर अख्खा एक भाग फक्त आवराआवरीला दिलाय आणि तो कुठेही रेंगाळत नाही. तरी काही ठिकाणी माझा हिशोब जुळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सौद्याचा तोल. किमयेचा नियम पहिल्या भागापासून कानावर पडतो: काही मिळवायचं तर त्याच तोलाचं काही द्यावं लागतं. मेलेल्या आईला परत आणायच्या नादात मोठ्या भावाचा, एडचा, डावा पाय जातो, धाकट्या अलचं सबंध शरीर जातं. मग अलचा नुसता आत्मा ओढून आणून चिलखताला बांधायचा तर उजवा हात. इतका महाग बाजार असताना शेवटी एड स्वतःचा 'दरवाजा' देतो आणि अल हाडामांसाचा परत येतो. दरवाजा ना हाड ना मांस. मग तोल बसला कसा?

दुसरी म्हणजे नकार. त्यांचा बाप होहेनहाइम जीव द्यायला तयार होता, मित्र लिंगच्या हातात परीस, म्हणजे तोलाचा नियम चुकवू देणारा दगड, होता. एडने दोन्ही नाकारलं. पण सैन्यातला किमयागार मस्टँग मात्र परीस वापरून डोळे परत मिळवतो. एकाच मालिकेत दोन न्याय कसे?

आणि व्यवहारातला प्रश्न: नव्या माणसाला दाखवायची तर आधी २००३ ची मालिका दाखवावी की थेट हीच?

---

लोहपरीस

तोल बसतो, पण त्यासाठी दरवाज्याकडे वस्तू म्हणून बघणं सोडावं लागेल.

मालिकेत प्रत्येक माणसाला आपापला दरवाजा आहे. किमया म्हणजे त्या दरवाज्यातून येणारी समज आणि ताकद. मृताला जिवंत करायला जो जातो तो त्या दरवाज्यापुढे उभा राहतो, आतलं ज्ञान बघतो आणि बघितल्याची किंमत मोजून परत येतो. परत आला की वर्तुळ न काढता नुसते तळहात जोडून किमया करता येते, कारण हातांचं वर्तुळ होतं आणि बाकीची समज डोक्यात असते. म्हणजे दरवाजा दिला की हे सगळं गेलं, आणि नुसती हात जोडून होणारी किमया गेली असं नाही. खडूने वर्तुळ आखून होणारी साधी किमयासुद्धा कायमची गेली. लहानपणी वडिलांच्या पुस्तकांतून उचललेली पहिली गोष्ट, बाराव्या वर्षी मिळवलेलं सरकारी किमयागाराचं पद, लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव, सगळं त्यात आलं.

आता किंमत कशी ठरते ते बघा. तळघरात मालिकेचा खलनायक फादर स्वतः हे बोलून दाखवतो. आईची ऊब हवी होती त्या अलला असं शरीर मिळालं की ज्याला ऊब कळतच नाही. एडचा उभं राहायचा पाय गेला आणि उरलेला एकुलता एक माणूसही गेला. भावांची गुरू इझुमी, तिला मूल हवं होतं, तर पोटातले अवयवच असे गेले की पुन्हा मूल होणार नाही. मस्टँगला देशाचं भविष्य दिसत होतं, त्याची दृष्टी गेली. किलोवर मोजलं तर डोळ्यांची दृष्टी आणि सबंध शरीर यांची तुलनाच होत नाही. 'सत्य', म्हणजे दरवाज्यापुढे बसलेली ती पांढरी आकृती, किलोवर मोजत नाही. माणूस ज्याच्या जोरावर स्वतःला मोठा समजतो, तिथेच ते हात घालतं.

म्हणून एड जेव्हा म्हणतो की ही घे किंमत, आणि बोट दाखवतो ते स्वतःच्या दरवाज्याकडे, तेव्हा 'सत्य' खूश होतं. उत्तर बरोबर आलं म्हणतं. ६४ भागांत त्या पांढऱ्या आकृतीने खिजवण्यापलीकडे काही केलेलं नसतं. तिथे पहिल्यांदा ती हरल्याचा आनंद मानते. एरवी 'सत्य' माणसाकडून हिसकावून घेतं. इथे माणूस स्वतःहून तीच गोष्ट पुढे करतो, जी हिसकावली असती.

आणखी एक बारीक गोष्ट सुटू देऊ नका. एडचा दरवाजा विरून जातो, मग दोघं परत येतात कुठून? अलच्या दरवाज्यातून. तो शाबूत आहे. त्यामुळे अलची किमया शिल्लक राहते आणि पुढे तो पूर्वेला शिंग देशात तिथली विद्या शिकायला जातो, हे ओघानेच येतं.

याच भागात, याच जागी, थोडं आधी फादर उभा होता. त्यालाही त्याचा दरवाजा समोर दिसतो. तो विचारतो, मी काय करायला हवं होतं? काचेच्या कुपीत जन्मलेला हा जीव, होहेनहाइमच्या रक्तातून झालेला. त्याने गर्व, लोभ, मत्सर अशी सातही पापं अंगातून काढून बाहेर टाकली आणि त्यांना माणसांसारखं चालतंबोलतं केलं; ग्रीड, एनव्ही, ग्लटनी, प्राइड हे होमन्क्युलस म्हणजे तीच पापं. म्हणजे देण्यासारखं स्वतःचं जे होतं ते आधीच टाकून बसला, आणि जे गिळलं ते सगळं दुसऱ्यांचं होतं. दरवाजा त्याला ओढून घेतो. एड आणि फादर, दोघांनाही एकच प्रश्न विचारला गेला होता. ही जोडी लागोपाठ ठेवली आहे म्हणून एडचं उत्तर इतकं लख्ख दिसतं.

---

गवतीचहा

लोहपरीस यांच्याशी सहमत. नकाराबद्दल सांगतो, कारण इथे बरेच जण "भावांनी परीस कधीच वापरला नाही" असं सरसकट लिहितात आणि ते चूक आहे.

परीस माणसांच्या जिवांपासून बनतो हे त्यांना परिसावर काम केलेल्या डॉक्टर मार्कोच्या टिपणांतून कळतं. स्वयंपाकाच्या पाककृतींच्या वेषात लपवलेलं ते टिपण फोडायला किती दिवस गेले आठवतात ना. त्यानंतर दोघे ठरवतात की स्वतःची शरीरं परत मिळवायला परीस वापरायचा नाही. शब्द नीट बघा: *स्वतःची शरीरं मिळवायला.*

नंतरची तीन उदाहरणं:

ग्लटनीच्या पोटातून बाहेर पडायला, २६व्या भागात, एड एनव्हीच्या अंगातल्या, झेर्क्सीस या बुडालेल्या राज्यातल्या लोकांची ताकद वापरतो. आधी त्यांची क्षमा मागतो. त्यांची शरीरं कधीच नष्ट झाली आहेत, परत जायला जागा नाही, असं त्याचं गणित आहे.

४१व्या भागात लोखंडी तुळई पोटात घुसते, तेव्हा एड स्वतःच्याच आयुष्याला परीस मानून जखम बंद करतो. इथे दुसऱ्या कुणाचा जीव नाही. स्वतःचं आयुष्य मात्र त्याने कमी करून घेतलं.

पुढे शत्रूच्या बाजूचा किमयागार किंब्ली आणि प्राइडशी लढताना अल चक्क परीस हातात घेतो. आत अडकलेले आत्मे ज्या देशासाठी तडफडतायत, त्याच देशाला वाचवायला त्यांना लढू द्यायचं, असा त्याचा विचार.

म्हणजे नियम "हात लावायचा नाही" असा नव्हता. नियम होता की आपल्या चुकीची भरपाई दुसऱ्याच्या जिवाने करायची नाही. शेवटी लिंगच्या हातातल्या परिसाला नकार याच कारणाने. आणि अलने स्वतः तो सौदा कधीच मान्य केला नसता. शुद्धीवर येऊन त्याला कळलं असतं की आपलं शरीर शंभर अनोळखी माणसांचं बनलंय, तर ते त्याला पेलवलं नसतं.

होहेनहाइमची गोष्ट वेगळी. झेर्क्सीस बुडालं तेव्हा त्याच्या वाट्याला ५,३६,३२९ आत्मे आले होते. त्याने त्या एकेकाशी बोलून ओळख करून घेतली. शेवटी त्याच्याजवळ फक्त स्वतःचा जीव उरतो आणि तो देऊ करतो. बापाने मुलाच्या चुकीसाठी मरणं हे एडला मंजूरच नव्हतं, कारण ते पाऊल त्या दोघांनी टाकलं होतं. तो बापाला शिव्या घालतो, आणि त्याच शिवीत पहिल्यांदा त्याला बाप म्हणतो. होहेनहाइमच्या डोळ्यांत पाणी येतं ते त्यामुळे.

मस्टँगचं मात्र तितकं साधं नाही. आधी लक्षात घ्या, त्याने दरवाजा स्वतःहून उघडला नव्हता. राष्ट्रप्रमुख ब्रॅडलीने त्याच्या दोन्ही हातांतून तलवारी घालून त्याला जमिनीला खिळलं आणि प्राइडने त्याला जबरदस्तीने आत ढकललं. आणि मार्को जो परीस देतो तो इश्वलच्याच लोकांपासून बनलेला आहे. अट अशी की इश्वलला त्यांची भूमी परत द्यायची, लोकांना परत वसवायचं. मस्टँग हो म्हणतो आणि पुढे सांगतो की आधी माझ्या साथीदाराचे, हॅवॉकचे, पाय बरे करा, मग माझे डोळे. ज्या लोकांना त्याने जाळलं त्यांच्याच जिवांनी त्याला दृष्टी मिळते. हे ऋण आयुष्यभराचं आहे आणि मालिका ते फेडल्याचं दाखवत नाही, फक्त कामाला लागल्याचं दाखवते. दोन न्याय आहेत हे खरं, पण माणसंही दोन वेगळी आहेत. एडला चूक पुसायची होती. मस्टँगला पुसता येणारच नव्हती.

---

भुईकमळ

माझं मत: शेवट समाधान देतो तो शेवटच्या पाच भागांमुळे नाही. त्याची सगळी सामग्री पन्नास भाग आधीच घरात आणून ठेवलेली आहे. पुन्हा बघायची असेल तर आधी हे भाग काढा, मग ४५पासून पुढे सलग बसा.

भाग १३-१४: ग्रीडची ढाल. एडच्या लक्षात येतं की तो अंगातल्या कार्बनची मांडणी बदलून हिऱ्यासारखा कडक होतो, म्हणजे मांडणी उलटी बदलली की कडकपणा जाईल. ६३व्या भागात ग्रीड फादरच्या अंगात शिरून नेमकं हेच करतो, फक्त स्वतःहून आणि उलट दिशेने. फादरचं शरीर ठिसूळ कोळशासारखं होतं आणि एडचा ठोसा आरपार जातो. पन्नास भागांपूर्वीचा रसायनशास्त्राचा धडा तिथे कामाला येतो.

भाग २०: थडगं उकरतात तो. मांडीच्या हाडाची लांबी आणि केसांचा रंग जुळत नाही, म्हणजे त्या रात्री तयार झालेलं ते शरीर आईचं नव्हतंच. तिथून एडला दोन गोष्टी कळतात. मेलेलं माणूस कुठल्याच किमतीत परत येत नाही. आणि अल मेलेला नाही, म्हणून परत येऊ शकतो. हा भाग गाळला तर शेवट चमत्कार वाटतो. न गाळता बघितला तर ते अनुमान वाटतं.

भाग ४०: कुपीतला जीव आणि २३ नंबरचा गुलाम. यावर फादर आणि होहेनहाइम यांच्यातलं सगळं उभं आहे.

आता हात आणि आत्म्याचा व्यवहार बघा, कारण मालिकेतला सगळ्यात काटेकोर सौदा तोच आहे. एड गजाला अडकलाय, यांत्रिक हात मोडलाय. अल शिंगहून आलेल्या मेईला सांगतो, वाट काढ. मेई पाच सुऱ्या फेकून दुरून वर्तुळ पुरं करते, कारण शिंगच्या विद्येत असं लांबून काम होतं. अल तळहात जोडतो. दुसरी बाजू त्याचा आत्मा मागते आणि हात परत देते. पहिल्या रात्री हाताच्या बदल्यात आत्मा आला होता, आता आत्म्याच्या बदल्यात हात. एक तसूही कमीजास्त नाही. म्हणून तो प्रसंग बघताना अन्याय झाल्यासारखं वाटत नाही, काळीज मात्र हलतं.

देशभराच्या वर्तुळाचंही तसंच. ग्रहणाच्या दिवशी फादर ५ कोटी माणसांचे आत्मे ओढतो. ते परत कसे येतात हे लोक पुष्कळदा विसरतात. होहेनहाइमने अनेक वर्षं देशभर फिरून ठराविक जागी आपल्यातले आत्मे जमिनीत सोडून ठेवले होते. पण वर्तुळाची कड कुठून आणायची? ग्रहणात चंद्राची गडद सावली जमिनीवर गोल पडते, तीच कड. म्हणजे फादरला ज्या ग्रहणाची गरज होती, त्याच ग्रहणाने त्याची चोरी परत घेतली. मग इश्वलचा स्कार आपल्या भावाचं उलटं वर्तुळ चालू करतो आणि फादरने जमिनीखाली पसरलेला अडथळा बाजूला पडून सगळ्या किमयागारांची ताकद मोकळी होते. या दोन्हींचा क्रम लक्षात ठेवा: आधी माणसं परत, मग ताकद मोकळी. उलटा धरला तर ६१वा भाग गोंधळाचा वाटतो.

---

सोनकी

२००३ विषयी थोडक्यात.

मूळ मांगा (जपानी चित्रकथा) हिरोमू अराकावांचा, २००१ ते २०१०, १०८ प्रकरणं, २७ खंड. २००३ ची मालिका बोन्स स्टुडिओचीच, ५१ भागांची, पण तेव्हा मांगा अर्ध्यावरही नव्हता. त्यामुळे तिने अर्ध्यातून आपली वेगळी वाट धरली आणि शेवटही वेगळा केला. ब्रदरहूड त्याच स्टुडिओने एप्रिल २००९ ते जुलै २०१० मध्ये, मांगा संपत असतानाच केली. मांगाचं शेवटचं प्रकरण जून २०१० मध्ये आलं आणि ४ जुलैला ६४वा भाग. शेवटाची वाट बघत मधे भर घालायची वेळ आली नाही, घाईही झाली नाही, याचं कारण हेच.

एकच बघायची असेल तर ब्रदरहूड. दोन्ही बघायच्या असतील तर २००३ आधी आणि मधे काही आठवड्यांची विश्रांती. सलग बघितल्या की दोन्हींच्या होमन्क्युलसांचे नियम डोक्यात मिसळतात आणि मग ब्रदरहूडमध्ये नसलेले प्रश्न पडायला लागतात.

ब्रदरहूडचे पहिले दहा-बारा भाग फार वेगाने जातात. मस्टँगचा मित्र ह्यूजस, त्याला ती १०व्या भागातच घालवते, २००३ च्या मालिकेत तो २५व्यापर्यंत असतो. नव्या माणसाला त्याच्याबद्दल माया वाटायला वेळच मिळत नाही, ही ब्रदरहूडची खरी उणीव. म्हणून दाखवताना भाग ४ ते १० एका दमात दाखवू नका, दोन बैठकींत घ्या. पहिला भाग मांगात नाही, पण गाळूही नका, कारण देशाच्या पोटात काही शिजतंय याची पहिली कुणकुण तिथे लागते. २७वा बहुतांश उजळणी आहे, घाईत असाल तर तेवढा सोडा.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. २०वा भाग मी फार हलका घेतला होता, तो पुन्हा बघणार.

एक शेवटचं. हात परत आला, अल परत आला. मग एडचा डावा पाय शेवटपर्यंत लोखंडीच का? 'सत्या'समोर उभा होताच, तर तोही मागायचा.

---

लोहपरीस

मागायला काही शिल्लकच नव्हतं. हात गेला होता अलच्या आत्म्यासाठी. तो आत्मा अलने परत दिला, हात आला. दरवाजा गेला अलसाठी, अल आला. पाय मात्र आईसाठी दिला होता, आणि आई कधी आलीच नव्हती. समोरच्या बाजूला परत करण्यासारखं काही नाही, म्हणून तो सौदा उलटवता येत नाही. शिवाय तिथे एडने एकच गोष्ट मागितली: धाकट्याला घरी न्यायचं आहे.

गवतीचहा यांनी होहेनहाइमचं लिहिलं, त्यात एवढी भर: त्याचा शेवट एड-अलच्या आईच्या, ट्रिशाच्या, थडग्यापुढे होतो, गुडघे टेकलेले, चेहऱ्यावर हसू. त्याची जुनी मैत्रीण पिनाको हिला तो तसा सापडतो. आई परत आली नाही, पण तो तिच्यापाशी परत आला.

---

भुईकमळ

पायाबद्दल अगदी बरोबर. आणि म्हणूनच यांत्रिक हातपाय बनवणाऱ्या विन्रीला एडचं काम उरतं.

शेवटच्या भागात छपराची दुरुस्ती चालू असते तो प्रसंग पुन्हा बघा. जवळजवळ दोन वर्षं उलटून गेलेली. एड सवयीने तळहात जोडतो, छपराला टेकवतो, आणि काही होत नाही. पार्श्वसंगीत नाही, रडारड नाही. तो पुन्हा छपराच्या कामाला लागतो. मग स्टेशनवर विन्रीला मागणी घालतानाही त्याच्या तोंडी जुनाच नियम येतो, माझं अर्धं आयुष्य देतो, तुझं अर्धं दे. विन्री आधी सगळंच देते म्हणते आणि मग ९०, ८०, ८५ टक्के असं मोजायला लागते. एड पोट धरून हसतो. अल तोवर दुसरा हिशोब मांडून बसलाय: १० मिळाले की त्यात आपला १ घालून ११ पुढच्याला द्यायचे. एक भाऊ पूर्वेला जातो, एक पश्चिमेला. गाडी सुटते तेव्हा एडच्या डाव्या पायाला विन्रीनेच घट्ट केलेले बोल्ट असतात.